पहिल्या खिळ्यावरचं ताट

वाडीत आमची मेस होती, अजून आहे, आणि तिचा एक नियम होता. जेवायला यायचं तर स्वतःचं ताट आणायचं. स्टीलचं, काठावर नाव घातलेलं. पहिल्या दिवशी पत्रावळीवर वाढू, दुसऱ्या दिवसापासून ताट लागेल, असं आई प्रत्येकाला दारातच सांगायची. भांडेवाला नाव घालतानाच काठाला एक बारीक भोक पाडून द्यायचा. जेवून झालं की ज्याने त्याने आपलं ताट नळावर घासायचं आणि भिंतीवरच्या आपल्या खिळ्याला टांगायचं. बदली झाली, लग्न झालं, नोकरी सुटली की माणूस ताट घेऊन जायचा. ताट नेलं म्हणजे निरोप झाला, वेगळं काही बोलावं लागत नसे.

नवा माणूस ती भिंत बघून हसायचा. जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत ताटंच ताटं. दुपारी अडीचच्या सुमाराला उन्हाची तिरीप खिडकीतून आत आली की खोलीत डोळे उघडे ठेवणं मुश्कील व्हायचं. मला या भिंतीचा अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही. एकदा एक पोरगा म्हणाला, "ताई, मेलामाइनच्या प्लेटा आणून टाका ना, कोण घासत बसेल?" त्याला मी सांगितलं, तुला घासायची नसेल तर चौकात भरपूर हॉटेलं आहेत. तो पुढे पाच वर्षं जेवला आणि पाच वर्षं त्याने ताट घासलं.

हे जेवणारे सगळे हापिसातले. अमरावती रोडवर नागपूर सोडलं की वाडी लागते. गोदामं, वजनकाटे, टायरवाले, ताडपत्रीवाले आणि ट्रकच्या रांगा. त्यात एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं मुख्य कार्यालय होतं, निळ्या काचेची चार मजली इमारत. वाडीत ऑफिसं बरीच होती, हापिस हे एकच. हापिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावत्या, बनवणारे, अकाउंट्सवाले, कोणता ट्रक कुठे पोचला ते फोनवर विचारत बसणारे, असे दोन-अडीचशे लोक. त्यातले निम्मे बाहेरगावचे, वाडीतच खोल्या घेऊन राहणारे. ते ज्या घरात राहायचे त्या घरांचे वरचे मजले त्यांच्यासाठीच चढले होते. सकाळचा तर्री-पोहा, संध्याकाळचा पानठेला, शिंपी, झेरॉक्स, ऑटो स्टँड, सगळ्यांचं घड्याळ हापिसाच्या वेळेवर लावलेलं. आमचंही.

ताटाचा नियम कुठून आला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी तेव्हा नववीत होते. बाबा हापिसाच्याच ट्रकवर ड्रायव्हर होते, महिन्यातले वीस-बावीस दिवस रस्त्यावर. आईने समोरच्या खोलीत दोन बाकडी टाकली आणि मेस सुरू केली. जरीपटक्याच्या बाजारातून तिने दहा ताटं निवडून आणली होती, सगळी एकसारखी, हलकी, पातळ काठाची. पहिल्या आठवड्यात हापिसातली चार-पाच पोरं आली. मग एका गुरुवारी बडे बाबू आले.

बडे बाबू म्हणजे हापिसातले हेडक्लार्क. त्यांची सही झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. असा माणूस आपल्याकडे जेवायला आला म्हणून आई हरखून गेली होती. त्या दिवशी गोळाभात होता, डाळीच्या भरड्याचे तिखट गोळे भातात वाफवलेले आणि वरून हिंगाची कढत फोडणी. आईने ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी समोर पाहिलं. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, जशी आमच्या प्रत्येक घरात असते. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग परत तसबिरीकडे. "अरे, आज गुरुवार. माझा उपास. विसरलोच की," असं म्हणून ते उठले आणि चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट. जाड, जड, वळलेल्या काठाचं, त्यावर त्यांचं नाव. "बाई, मला जरा पथ्य असतं," ते म्हणाले, "माझं ताट इथेच ठेवतो, मला यातच वाढत जा. घासायचंही मीच बघीन."

पथ्य जेवणाचं असतं. ताटाचं पथ्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. असल्या पथ्यांचा वास आम्हाला लांबून येतो. उपासही खोटाच होता, कारण त्यानंतर वीसेक वर्षं या माणसाने दर गुरुवारी आमच्याकडे गोळाभात खाल्ला आणि तोही मागून मागून.

ते जेवून गेल्यावर मी आईला म्हटलं, "फेकून दे ते ताट रस्त्यावर."

"काहून फेकू?" आई म्हणाली. "चांगलं जड ताट आहे."

"तुले राग नाही येत?"

"येते ना. पण मले मेस चालवायची आहे वं."

संध्याकाळी जेवायला आलेल्या पोरांना तिने दारातच अडवलं. उद्यापासून ज्याने त्याने आपलं ताट आणायचं, नाव घालून, नाहीतर जेवण नाही. पोरांनी कुरकुर केली, पण आणली. रात्री भांडी आवरताना तिने मला सांगितलं, "त्यानं एकट्यानं ताट आणलं तर ते दिसते. सगळ्याईनं आणलं का मग दिसत नाही. आता हा माझा नियम आहे, त्याचा नाही." भिंतीत तिने स्वतःच्या हाताने खिळे ठोकले. बडे बाबूंचं ताट आधी आलेलं, म्हणून पहिला खिळा त्यांचा.

तिची स्वतःची दहा ताटं मग घरातच राहिली. काही कोणाकोणाला दिली, काही गेली. पण त्या गुरुवारी बडे बाबूंच्या पुढून उचललेलं ताट तिने वेगळं ठेवलं. त्यातला गोळाभात त्या दिवशी तिनेच खाल्ला आणि तेव्हापासून ती रोज त्याच ताटात जेवते. त्यावर नाव नाही. मला नाव घालून आणायचं होतं, तिने नको म्हटलं.

वर्षं गेली. बाबा गेले. आईचे गुडघे दुखायला लागले आणि मेस माझ्या हातात आली. बडे बाबू रिटायर झाले, शहरात मुलाकडे राहायला गेले, तरी कित्येक वर्षं गुरुवारी बस बदलून यायचे. मग तेही बंद झालं. त्यांनी ताट नेलं नव्हतं, म्हणून ते पहिल्या खिळ्यावर तसंच राहिलं. मला लोक तापट म्हणतात आणि बरोबर म्हणतात, पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत माझाही राग निवला होता. नियम कशासाठी होता ते मी विसरले. नियम तेवढा लक्षात राहिला आणि मी तो आईपेक्षा कडक पाळला.

हापिस जाणार ही बातमी दोन वर्षांपूर्वी पानठेल्यावर आली. पानठेल्यावरच्या बातम्यांवर विश्वास ठेवला असता तर वाडीत आतापर्यंत चार वेळा मेट्रो आली असती, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. पण मग खरंच नोटीस लागली. विमानतळाच्या पलीकडे, वर्धा रोडला, नवी इमारत तयार होती. गोदामं वाडीतच राहणार, ट्रक इथेच भरणार, फक्त हापिस जाणार. दुसऱ्यांचं सामान हलवण्यात जिचा जन्म गेला त्या कंपनीने स्वतःचं सामान चार दिवसांत हलवलं. लाकडी पार्टिशनं निघाली, खुर्च्या उलट्या होऊन ट्रकवर चढल्या, आणि पाचव्या दिवशी निळ्या काचांमागे कोणी नव्हतं.

शेवटच्या दिवशी सगळे जेवायला आले. मी पाटवडीचा रस्सा केला होता. नेहमीसारखे जेवले, नेहमीसारखी नळावर गर्दी केली, ताटं घासली, टांगली, "येतो ताई" म्हणाले आणि गेले. एकानेही ताट नेलं नाही. बावन्न ताटं जिथल्या तिथे.

मी आईला म्हटलं, "पाहिलंस? कोणी ताट नेलं नाही. सगळे परत येतात. नव्या जागी चार दिवस खाऊ दे कुठेतरी, जीभ आपोआप वाडीकडे वळते."

आई दारात खुर्चीवर बसून सांबार निवडत होती. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ती म्हणाली, "पायजो."

"पाहायचं काय त्यात? तू मेस माझ्या हातात दिली, मी ती बंद पडू देणार नाही. लिहून ठेव."

वाडी मात्र बघता बघता उतरली. प्रत्येक फाटकावर 'रूम किरायाने देणे आहे'ची पाटी. झेरॉक्सवाल्याने मशीन कोपऱ्यात ढकललं आणि मोबाइलची कव्हरं लावली. तर्री-पोह्याची परात अकरापर्यंत पुरायची नाही, ती आता एक वाजता अर्धी भरलेली दिसायची. ऑटोवाले स्टँडवर पत्ते खेळायला लागले. निळ्या इमारतीत कोणीतरी ऑनलाइन मालाची खोकी आणून ठेवली, काचेतून बघितलं की साहेबांच्या केबिनमध्ये छतापर्यंत खोकी. मी रोज पंधरा जणांचा स्वयंपाक करायचे आणि सहा जण यायचे. उरलेलं गाईला. तरी दर शनिवारी मी बावन्नही ताटं उतरवून चिंचेने घासत होते.

पोळ्या करायला माझ्याकडे खाप्याची एक बाई आहे. तिच्या माहेरी हातमाग होते, आता घरात कोणी विणत नाही. ती एका शनिवारी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माह्या बापानंबी माग असाच पुसून ठेवला होता, ताई. दर हप्त्याले तेल देत होता. गिऱ्हाईक येईल म्हणे."

"मग?"

"मग काय. माग चकचकीत होता."

मला राग आला. मी तिला म्हटलं, तू पोळ्या बघ. पण त्या संध्याकाळी मी ठरवलं की वाट बघत बसायचं नाही. ते इथे येऊ शकत नसतील तर मेस तिकडे जाईल. जेवण टेम्पोने पोचवायचं, सगळ्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं, रिकामी भांडी घेऊन परत. आणि आमच्याकडे जेवायचं म्हणजे आपल्या ताटात जेवायचं. म्हणून सोमवारी मी एक छोटा हत्ती टेम्पो बोलावला आणि त्यात भाजीचं पातेलं, वरणाची बादली, पोळ्यांची टोपली, आणि त्यासोबत बावन्न ताटं भरली. खाप्याच्या बाईने ताटांच्या मध्ये मध्ये धोतराचे तुकडे घातले, खरचटू नयेत म्हणून. एवढं सगळं करताना मला एकदाही असं वाटलं नाही की कोणाला तरी आधी फोन करून विचारावं.

रिंग रोडभर ताटं वाजत होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, नवी साडी नेसून. हसू नका, मला वाटलं होतं की फाटकातच सगळे गोळा होतील.

फाटकात गार्ड होता. "मॅडम, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"हे बाहेरचं नाही, यांचंच आहे. बघा, ताटांवर नावं आहेत."

त्याने एक ताट उचललं, नाव वाचलं, आत फोन केला. बऱ्याच वेळाने सात जण बाहेर आले. गळ्यात पट्टे, पट्ट्यात कार्डं. त्यात अकाउंट्समधली एक मुलगी होती, माझ्याकडे चार वर्षं जेवलेली. ती म्हणाली, "ताई, आत कँटीन आहे. कार्ड लावायचं आणि खाचांची प्लेट घ्यायची. आम्ही जेवलो पण."

"बरं. मग ताटं तरी घ्या."

सातही जण एकमेकांकडे बघायला लागले.  एक म्हणाला, "ठेवा ना ताई तुमच्याकडेच. इथे कुठे ठेवू?" त्यांनी लाजेकाजेस्तव टेम्पोला टेकून उन्हात एकेक पोळी खाल्ली. घंटा झाली, ते गेले.

अकाउंट्सची मुलगी मागे थांबली. मी तिला विचारलं, "येणार नव्हतात तर त्या दिवशी ताटं का नाही नेली?"

"न्यायची म्हणजे आईंच्या समोरून न्यावी लागली असती ना, ताई," ती म्हणाली. "त्या दारातच बसल्या होत्या. कोणाची हिंमत झाली नाही."

परत येताना मी ड्रायव्हरला गाणी बंद करायला सांगितली. ताटांचा आवाज तसाच चालू होता. मी रडले, खोटं कशाला सांगू. राग हापिसाचा नव्हता, माझाच होता. माणसं लाजेने काही न बोलता निघून गेली होती आणि मी ते वचन समजून दर शनिवारी ताटं घासत बसले होते. घरी आल्यावर आईने टेम्पोतून सगळी ताटं उतरताना बघितली आणि सांबाराची दुसरी जुडी घेतली.

मंगळवारी गोदामाचा मुकादम आला. गोदामात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांचा हा मुखिया, उमरेडकडचा माणूस. इतकी वर्षं तो आमच्याकडून फक्त डब्यात रस्सा न्यायचा. त्याचे लोक बालाघाटकडचे, गोदामामागे पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहून स्वतःच काहीतरी शिजवून खाणारे. ते आमच्या बाकड्यांवर कधी बसले नाहीत. कोणी त्यांना नको म्हटलं नव्हतं, आणि या म्हटलंही नव्हतं.

"ताई, आता तुमच्याकडं जागा आहे म्हणून विचारून राहिलो," तो म्हणाला. "माझे अठरा माणसं आहेत. दोन टाइम जेवण द्याल का?"

मेस वाचत होती. दारात उभी राहून स्वतःहून सांगत होती की मी वाचते. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "देईन. पण प्रत्येकाचं ताट लागेल. नाव घातलेलं."

मुकादम हसला. "माझे माणसं चार महिने वाडीत, चार महिने गावात राहतेत. एक जाते, दुसरा येते. नाव कोणाचं घालू?"

"मग अवघड आहे."

खाप्याची बाई पोळपाटावरून ओरडली, "अवं ताई, भिंतीवर बावन्न ताटं टांगून आहेत, अन् त्याईले ताट आणा म्हणता?"

"ती दुसऱ्यांची आहेत," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?"

मुकादमाने मान हलवली, "पाहा, सांगा," म्हणाला आणि गेला.  मग दारातून आईचा आवाज आला. आई माझ्यावर आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"कोणाच्या ताटात कोण जेवते, हे तू मले शिकवून राहिली का?"

मी पोळ्यांच्या टोपलीवर फडकं टाकलं.

"तो नियम मी काहून केला होता, आठवते का तुले? का घासून घासून तेही पुसलं?"

मला आठवलं. सगळं आठवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या ताटापासून. मी स्टूल घेतलं, भिंतीशी लावलं आणि ताटं उतरवायला लागले. खाप्याच्या बाईला मुकादमाच्या मागे पळवलं. ती पोळपाटावरची पोळी तशीच टाकून गेली आणि ती पोळी जळली, पण त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही.

अठरा माणसं जेवायला बसली तेव्हा आधी अंग चोरून बसली. मग त्यांच्यातल्या एकाने ताटावरचं नाव वाचलं आणि शेजाऱ्याला दाखवलं. शेजाऱ्याने आपलं वाचलं. थोड्याच वेळात खोलीभर हाका सुरू झाल्या. "अरे अकाउंटवाले साब, दाल इधर!" "मॅनेजर साहब को और चावल दो!" दोन महिन्यांनी त्या खोलीत कोणी हसत होतं. मी वाढत होते, आणि वाढता वाढता माझं हसू आवरेना. रोज ज्याच्या हाताला जे ताट येईल ते, असा नवा नियम झाला. घासून झाल्यावर खिळ्यावर टांगायची गरज नव्हती, नळाशेजारी चळत लावायची.

पहिल्या खिळ्यावरच्या ताटाला मात्र मी आठ दिवस हात लावला नाही. मग सगळ्यात धिप्पाड हमालाने एकदा बोट दाखवून विचारलं, "वो बडी थाली किसकी है? उसमें चावल जादा आएगा." मी ते उतरवून त्याच्या हातात दिलं. देताना मला आनंद झाला, आणि तो कोणत्या प्रकारचा आनंद होता हे मला नीट माहीत आहे.

हळूहळू दुसऱ्या गोदामाचेही लोक आले. खोकीवाल्या इमारतीतली पोरंही यायला लागली, डिलिव्हरीच्या पिशव्या दारात टेकवून. पोळ्यांना अजून एक बाई ठेवावी लागली. समोरच्या गल्लीतल्या दोन पाट्या निघाल्या. वाडी काही पूर्वीसारखी झाली नाही, पण मी सांगते, वाडी बसणारी नाही. ट्रक जोवर येतात तोवर माणसाला भूक लागणार.

आणि मग एका गुरुवारी, भर जेवणाच्या वेळी, दारात ऑटो थांबला आणि बडे बाबू उतरले.

मला त्यांना ओळखायला वेळ लागला. किती वाळले होते. हातात काठी. दारात आई खुर्चीवर होती, तिला त्यांनी नमस्कार केला. "हापिस गेलं असं ऐकलं," ते म्हणाले. "म्हटलं, मेसही बंद झाली असेल. आपलं ताट घेऊन यावं."

"मेस चालू आहे, बाबूजी," आई म्हणाली. "आत तर या."

ते आत आले. सवयीने त्यांची नजर पहिल्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा होता. मग त्यांनी खोलीभर पाहिलं. बाकड्यांवर आणि खाली सतरंजीवर हमाल दाटीने बसलेले, बनियनवर, खांद्यावर गमछे, अंगावर सिमेंटची पांढरी धूळ. खिडकीजवळ तो धिप्पाड गडी, आणि त्याच्यापुढे जाड वळलेल्या काठाचं ताट, गोळाभाताने भरलेलं. बडे बाबूंनी ते लांबूनच ओळखलं. गड्यालाही काय ते कळलं. त्याचा हात थांबला. तो अर्धवट उठला, "बाबूजी, आपका है?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. त्यांनी नुसतं तोंड वाकडं केलं असतं ना, तर नववीत जे बोलायचं राहिलं ते सगळं बोलले असते, त्यांचं वय बघितलं नसतं.

"खाओ, खाओ," बडे बाबू म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, आणि त्याच्याच शेजारी बाकड्यावर टेकले. "गुरुवार आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "गोळाभात असेल तर मलाही वाढ."

मी नळाकडे गेले. चळत संपलेली. सगळी ताटं जेवणाऱ्यांपुढे. पत्रावळी शोधायला वळले तर आई भिंतीला धरून उठलेली. ती स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरून आपलं ताट काढून घेऊन आली. पातळ काठाचं, हलकं, नाव नसलेलं. "यात वाढ," ती म्हणाली.

मी वाढलं. वरून तेल घातलं. ताट त्यांच्यापुढे ठेवलं ती तसबिरीच्या समोरचीच जागा होती. त्यांनी ताटाकडे पाहिलं. ओळखलं त्यांनी, मला खात्री आहे. त्या पहिल्या गुरुवारची दहा ताटं सगळी एकसारखीच होती. त्यांनी गोळा फोडला, भातात कालवला आणि जेवायला लागले. आई समोर उभी होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

"पथ्य सुटलं का, बाबूजी?" तिने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. प्रकृती विचारावी तसं विचारलं. बडे बाबूंचा घास हातातच राहिला. 

"पथ्य दोन-तीन वर्षांतच सुटलं होतं, बाई," ते म्हणाले. "पण ताट भिंतीवर टांगून बसलो होतो. उतरवायला तोंड नव्हतं."

"जेवा," आई म्हणाली. "गार होते."

ते पूर्ण जेवले, परत भात मागितला. जेवून झाल्यावर मी ताट उचलायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. काठी भिंतीला लावली, नळाशी वाकले आणि आईचं ताट घासलं. आतून, बाहेरून, काठ फिरवून फिरवून. मी मध्ये पडले नाही. धुऊन, धोतराच्या सोग्याने पुसून ते सरळ झाले आणि भिंतीकडे बघायला लागले. "हे कुठे ठेवू?"

त्या ताटाला भोकही नव्हतं, खिळाही नव्हता. आईने पहिल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. बडे बाबूंनी खालच्या दोन खिळ्यांच्या आधाराने ते ताट भिंतीला टेकवून उभं केलं, वरून पहिला खिळा काठीच्या मुठीने ठोकून जरा वाकवला आणि अडकवलं. हलवून बघितलं, बसलं होतं.

तोवर तो गडी त्यांचं जड ताट घासून घेऊन उभा होता. "और ये, बाबूजी?"

"वो सबके साथ रख दो," ते म्हणाले.

ऑटोत बसताना त्यांनी आईला विचारलं, पुढच्या गुरुवारी आलो तर चालेल का. आई हसली. मी माझ्या आईला इतकं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे.

"या ना," ती म्हणाली. "ताट नका आणू."